नातवाची सांगण्याची वही

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. आणि त्या उघडतात न उघडतात तोच आपल्या गोंदिया जिल्ह्यात रोवणीचे दिवस येतात. घरातली कर्ती माणसे दिवसभर बांधीतल्या चिखलात उभी असतात. मुलाला शाळेत पोहोचवणे, आणणे, त्याचा डबा, त्याची औषधे हे सारे आजी-आजोबांच्या अंगावर येते. दरवर्षी या सुमारास माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारणारी व्यक्ती बहुधा साठी उलटलेली असते : "डॉक्टरसाहेब, आमच्या नातवाला बोलता येत नाही. गावच्या शाळेत नाव तर घातलं. पण तिथं त्याचं ऐकणार कोण?"

मुलाला शिकवणार कोण, असे ही मंडळी विचारत नाहीत. ऐकणार कोण, असे विचारतात. मला हा प्रश्न नेमका वाटतो. दिव्यांग मुलांनी सर्वसाधारण शाळेत, गल्लीतल्या सवंगड्यांबरोबर शिकावे, ही आता केवळ सदिच्छा राहिलेली नाही. 'दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६' या कायद्याने ते शाळांचे कर्तव्य ठरवले आहे. त्याच कायद्यात 'संवाद' या शब्दाची व्याख्या दिली आहे. तोंडाने बोललेल्या भाषेबरोबरच खाणाखुणा, सांकेतिक भाषा, ब्रेल, ठळक मोठी अक्षरे, चित्रे, स्पर्श, साधीसोपी भाषा आणि बोलण्याला पूरक किंवा पर्यायी अशी अन्य साधने, हे सर्व त्या व्याख्येत संवादच मानले आहे. कायदा करणाऱ्यांनी जे कागदावर मान्य केले ते आपल्या घरात आणि वर्गात मात्र अजून पुरते रुजलेले नाही. आपण अजूनही 'बोलत नाही' याचा अर्थ 'समजत नाही' असा लावतो.

वैद्यकीयदृष्ट्या या दोन गोष्टी फार वेगळ्या आहेत. कानाने ऐकणे, मेंदूने अर्थ लावणे, काय सांगायचे ते मनाशी ठरवणे आणि मग श्वास, स्वरयंत्र, जीभ, ओठ यांच्या स्नायूंकडून ते वदवून घेणे, अशी ही साखळी आहे. ती कुठेही तुटू शकते. मेंदूच्या पक्षाघाताच्या, म्हणजे सेरेब्रल पाल्सीच्या, अनेक मुलांत अर्थ लावण्याची शक्ती शाबूत असते. स्नायू मात्र हुकूम मानत नाहीत. कर्णबधिर मुलाच्या जिभेत काही दोष नसतो. त्याच्यापर्यंत शब्दच पोहोचलेला नसतो. स्वमग्न मूल पुष्कळदा शब्द उच्चारते, पण आपण विचारलेलाच प्रश्न परत म्हणून दाखवते, आणि ऐकणाऱ्याला ते निरर्थक वाटते. वास्तविक त्या पुनरुच्चारातही बरेचदा काही मागणे असते. "पाणी पायजे का?" असे मूल स्वतःच म्हणाले, तर त्याला पाणी हवे आहे असे समजून पाहावे.

सांगता न आल्याने काय बिघडते, हे वर्गापेक्षा दवाखान्यात लवकर दिसते. लघवीला जायचे आहे हे सांगता येत नाही, म्हणून मूल शाळेत पाणीच पीत नाही. दुपारपर्यंत ओठ सुकलेले, लघवी गडद पिवळी, आणि पुढे वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग. असे रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यात आपल्या भागात सिकलसेलचा आजार आहे. या मुलांचे मूत्रपिंड लघवी दाट करू शकत नाही, म्हणून त्यांना वारंवार लघवीला जावे लागते आणि तितकेच वारंवार पाणी प्यावे लागते. पाणी कमी पडले की हाडे ठणकण्याचा झटका येऊ शकतो. याच आजारात काही मुलांना लहान वयात पक्षाघाताचा झटका येतो आणि कालपरवापर्यंत बोलणारे मूल मुके होते. अशा मुलाला वर्गात 'पाणी' आणि 'लघवी' या दोन गोष्टी सांगण्याची सोय असणे, हा निव्वळ शिक्षणाचा विषय उरत नाही. पोटात दुखते आहे, कोणी मारले, कोणी नको तिथे हात लावला, हेही ज्याला सांगता येत नाही ते मूल किती असुरक्षित असते, ते निराळे सांगायला नको.

तेव्हा सुरुवात तपासणीपासून. "त्याचे मामाही पाच वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते," हे वाक्य मी आजवर इतक्या वेळा ऐकले आहे की या मामांची एक वेगळी यादीच करता येईल! उशिरा बोलणारी मुले असतात, हे खरे. पण वाट पाहण्याआधी कान तपासून घ्यावेत. सर्दी-पडशाने कानाच्या पडद्यामागे चिकट द्रव साचून राहतो आणि मुलाला सारे जग उशी कानाला लावल्यासारखे ऐकू येते. हा दोष उपचाराने जातो. कान वाहत असेल तर त्यात तेल घालू नये. आपल्या पिढीचा हा घरगुती उपाय आता सोडलेला बरा. जिभेखालचा पडदा कापून मूल बोलू लागेल, ही समजूतही बहुतेक वेळा चुकीची ठरते. 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' २०१३ पासून सुरू आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय शाळेत एकदा मुलांची तपासणी करते. पथक येईल त्या दिवशी नातवाला मुद्दाम शाळेत पाठवावे आणि शक्य तर स्वतः हजर राहावे. घरात दिसणारी लक्षणे तुम्हालाच सांगता येतील.

आता एका भीतीविषयी सविस्तर लिहितो, कारण तिच्यापायी मुलांची मोलाची वर्षे जातात. चित्रे दाखवून, खुणा करून मूल आपले म्हणणे मांडू लागले, तर त्याला तीच सवय लागेल आणि ते कधीच बोलणार नाही, अशी भीती घरोघरी असते. काही शिक्षकांच्याही मनात असते. या प्रश्नाचा अभ्यास झालेला आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात आधीच्या संशोधनांतून काटेकोर निकषांवर उतरलेल्या २७ व्यक्तींची माहिती तपासली गेली. चित्रे, खुणा किंवा यंत्र वापरायला लागल्यावर त्यांपैकी एकाचेही बोलणे कमी झाले नव्हते. ८९ टक्के व्यक्तींचे थोडेफार वाढलेच होते. संख्या लहान आहे हे मान्य. परंतु रोजच्या अनुभवाशी ती जुळते. आपले म्हणणे समोरच्याला कळते, याचा आनंद एकदा मिळाला की मूल अधिक सांगू पाहते. कुबडी दिली म्हणून पाय आळशी होत नाही.

याचे आपल्याच महाराष्ट्रातले एक ठळक उदाहरण मालिनी चिब यांचे आहे. जन्माच्या वेळी झालेल्या इजेमुळे त्यांना सेरेब्रल पाल्सी झाली. त्यांचे उच्चार अनोळखी माणसाला कळणे कठीण. त्यांच्या आई डॉ. मिथू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत 'स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था सुरू केली. तीच पुढे 'अडॅप्ट' या नावाने ओळखली जाऊ लागली. मालिनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकल्या, इंग्लंडमध्ये जाऊन त्यांनी उच्च शिक्षण घेतले, आणि एका बोटाने कळा दाबत आपले आत्मचरित्र लिहिले. २०१० साली निघालेल्या त्या पुस्तकाचे नावही त्या करंगळीएवढ्या सामर्थ्यावरूनच आहे : 'वन लिटल फिंगर'. अक्षरे टंकली की ती मोठ्याने बोलून दाखवणारे यंत्र त्या वापरू लागल्या. मुंबई, सुशिक्षित घर, परदेशातले शिक्षण. हे सारे आपल्या सालेकशाच्या किंवा देवरीच्या मुलाला कुठून मिळणार, असे कोणी म्हणेल. म्हणणे रास्त आहे. पण यंत्राच्या आधी त्या मुलीला एक गोष्ट मिळाली होती : तिच्या आत सांगण्यासारखे काही आहे, असे ठामपणे मानणारे घर. ते देवरीतही मिळू शकते.

साधनांचेच म्हणाल, तर पहिले साधन फुकट आहे. मुलाचा 'हो' आणि 'नाही' ठरवून घ्यावा. मान हलवता येत नसेल तर डोळे वर करणे म्हणजे हो, डोळे मिटणे म्हणजे नाही; हात उचलता येत असेल तर हाताची खूण. जी हालचाल त्याला सर्वांत कमी श्रमात आणि दर वेळी सारखीच जमते ती निवडावी, आणि घरात, शाळेत, शेजारी सर्वांनी तीच मानावी. त्यानंतर चित्रफळा. पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर सुरुवातीला चार किंवा सहाच चित्रे : पाणी, लघवी, दुखते, नको, आणखी, आणि मुलाच्या आवडीची एखादी गोष्ट. आवडीची गोष्ट वगळू नये. नुसत्या गरजांचा फळा मुलाला फार काळ रमवत नाही. त्यालाही बैलाविषयी, चेंडूविषयी, कोणी मित्राने केलेल्या खोडीविषयी सांगायचे असते. चित्रे सराईत चित्रकाराची नसली तरी चालतात. घरातल्या खऱ्या पेल्याचा, खऱ्या मोरीचा फोटो काढून चिकटवला तर अधिक चांगले. पावसाळ्यात पुठ्ठा भिजतो, म्हणून त्याला प्लास्टिकचे आवरण घालावे. स्मार्टफोन असेल तर मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले 'जेलो' नावाचे मोफत अॅप आहे. चित्रावर बोट ठेवले की ते शब्द उच्चारते, आणि ते मराठीतही आहे. मात्र फोनची बॅटरी संपते, फोन काका घेऊन जातात. पुठ्ठा दप्तरात राहतो. म्हणून मी दोन्ही ठेवायला सांगतो.

यात आपल्या जिल्ह्याची एक खास अडचण आहे. घरात पोवारी, गोंडी, छत्तीसगढी किंवा हलबी, बाजारात हिंदी आणि पुस्तकात प्रमाण मराठी, असा आपला संसार आहे. धडधाकट मूल या सर्व भाषांतून सहज उड्या मारते. ज्याला एक शब्द मिळवायलाच कष्ट पडतात, त्याच्या फळ्यावर आजीच्या तोंडचा शब्द आधी यावा. त्याखाली शाळेचा शब्द लिहावा. पोवारीतले मागणे गुरुजींना कळत नसेल, तर ते मूल मागतच नाही असा निष्कर्ष निघायला वेळ लागत नाही.

मग वाट पाहणे. हे सर्वांत अवघड, आणि यात आम्ही वडीलधारी मंडळी सर्वांत कच्ची. प्रश्न विचारून आपण दोन क्षणांत स्वतःच उत्तर देतो. ज्याचे स्नायू हळू चालतात त्याला उत्तर जुळवायला दहा सेकंदही लागतील. मनातल्या मनात दहा आकडे मोजून पाहा, किती प्रदीर्घ वाटतात ते! प्रेमळ आजी तर नातवाने मागण्याआधीच पेला पुढे करते. दिवसभरात सगळे न मागता मिळत असेल, तर मागण्याचे कारणच उरत नाही. पेला समोर धरावा, नातवाकडे पाहावे आणि थांबावे; त्याने डोळ्यांनी, हाताने, आवाजाने काहीही केले की लगेच द्यावे. मात्र "आधी बोल, मग पाणी देतो" असा हट्ट मला मुळीच मान्य नाही. तहानलेल्या मुलाची परीक्षा घेऊ नये.

हे सारे ज्यांना लवकर उमगते अशी एक मंडळी आपल्यातच आहेत : लकव्यानंतर ज्यांची वाचा गेली ती वृद्ध माणसे. माझ्या एका रुग्णाच्या घरी उजव्या अंगाचा लकवा झालेले आजोबा आणि सेरेब्रल पाल्सी असलेला नातू असे दोघे आहेत. आजोबांना सगळे समजत होते. पण तोंडून भलताच शब्द निघे, आणि भेटायला येणारे त्यांच्या देखत त्यांच्याविषयी तिसऱ्याशी बोलत. त्याचा त्यांना होणारा संताप मी पाहिलेला आहे. सुनेने नातवासाठी केलेला चित्रफळा एके दिवशी त्यांनी डाव्या हाताने ओढून घेतला आणि 'चहा' वर बोट ठेवले. आता त्या घरात दोन फळे आहेत, आणि नातवाच्या उत्तराची वाट सर्वांत शांतपणे आजोबाच पाहतात. वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे कोणी असेल त्यांनी हा प्रयोग दोघांसाठी एकदमच करून पाहायला हरकत नाही.

आता वहीबद्दल. मूल शाळेत जाते तेव्हा त्याच्या खुणांचा शब्दकोश घरीच राहतो. तो आजीच्या डोक्यात असतो. वर्गात चाळीस मुले असलेल्या शिक्षिकेला तो दोन वर्षांत जमवता येणार नाही, आणि वर्ष संपताच वर्ग बदलतो. म्हणून एक पातळ वही करावी, आणि ती मुलाच्याच तोंडून लिहिल्यासारखी लिहावी. 'मी हो म्हणतो तेव्हा वर पाहतो. मला लघवी लागली की मी उजवा पाय घासतो. मी जोरात हसत असेन आणि अंग ताठ असेल, तर मला आनंद झालेला नाही. मला कुठेतरी दुखते आहे. मी उजव्या बाजूचे ऐकतो. मला मिरगी येते. तेव्हा मला कुशीवर करा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांहून जास्त वेळ चालली तर दवाखान्यात न्या. मला पातळ पाणी गिळताना ठसका लागतो, म्हणून सरळ बसवून घोट घोट द्या. मला गाणी आवडतात. माझ्या गालाला हात लावलेला आवडत नाही.' अशी पंधरा-वीस वाक्ये पुरतात. लिहिता येत नसेल तर आजीने सांगावे आणि शाळेत जाणाऱ्या नातीने लिहावे. औषधांची नावे आणि मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. अशी पाने मी आनंदाने लिहून देतो. उजवीकडची पाने शिक्षकांसाठी कोरी सोडावीत, कारण वर्गात मूल काही नव्या खुणा शिकते आणि त्या घराला माहीत नसतात.

वर्गाकडून मागायच्या गोष्टीही फार खर्चाच्या नसतात. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचे पाय अधांतरी लोंबत असतील तर त्याचे सारे बळ तोल सांभाळण्यात जाते. पायाखाली पाट ठेवला की हात फळ्यापर्यंत पोहोचतो. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलाला पुढे, शिक्षकांच्या जवळ बसवावे. यंत्राचा उपयोग हाताच्या एक-दोन अंतरांवर खरा, मागच्या बाकावर थोडा. टिनाच्या छपरावर पाऊस कोसळत असताना तर काहीच ऐकू येत नाही. तेव्हा फळ्यावर लिहावे. शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये, चेहऱ्यावर उजेड असावा. यंत्राची बॅटरी रोज सकाळी पाहणे आणि मूल वाढते तसा कानातला साचा बदलून घेणे हे मात्र आपले काम. अंध मुलासाठी फळ्यावर लिहिलेले प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचले, तरी निम्मी अडचण दूर होते.

पूर्ण बधिर मुलासाठी खाणाखुणा हीच पहिली भाषा असते, हे स्वीकारायला जगाला फार वेळ लागला. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरी भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने बधिरांच्या शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार करून ओठांवरचे बोलणेच शिकवण्याचा ठराव केला. त्याबद्दल त्याच परंपरेतल्या परिषदेने खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये. मधल्या १३० वर्षांत किती पिढ्यांचे हात बांधले गेले असतील! आता दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने दहा हजार शब्दांचा चित्रफितींचा कोश केला आहे, पाठ्यपुस्तकेही त्या भाषेत आणण्याचे काम चालू आहे. घरातल्या सर्वांनी रोज दोन खुणा शिकल्या तरी वर्षभरात सातशेहून अधिक होतात. आजोबांनीही शिकाव्यात, पुढे कान मंद झाले की त्या स्वतःच्याही उपयोगी पडतील.

शाळेत कोणाला भेटायचे? प्रत्येक तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. एकाच्या वाट्याला पुष्कळ शाळा येतात, त्यामुळे त्यांची फेरी आपल्या गावी क्वचितच होते. राज्याने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकपदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला आहे. ती माणसे प्रत्यक्ष वर्गात दिसू लागेपर्यंत पालकांनी विचारणा करीत राहणे भाग आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्याचे प्रमाणपत्र असेल, तर ६ ते १८ वर्षे वयापर्यंत शिक्षण मोफत मिळण्याचा हक्क आहे आणि शाळा सर्वसाधारण असावी की विशेष, ही निवड कुटुंबाची आहे. "याला विशेष शाळेत न्या, इथे जमणार नाही," असे मुख्याध्यापकांनी सांगितले तर भांडण न करता ते लेखी मागावे. पुष्कळदा तेवढ्याने जमू लागते. पुढे परीक्षेत लेखनिक आणि वाढीव वेळ मिळतो. त्यासाठी कागदपत्रे नववीपासूनच तयार ठेवावीत.

वही शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच द्यावी, आणि ती दप्तरातून न पाठवता स्वतः जाऊन द्यावी. वर्गशिक्षिकेबरोबर दहा मिनिटे बसावे, नातवाला शेजारी घ्यावे आणि 'हो'-'नाही'ची खूण तिच्यासमोर त्याच्याकडूनच करून दाखवावी. शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनाही ती खूण दाखवावी, कारण पाणी आणि जेवण त्यांच्याच हाती असते. आणि त्याच्या बाकावरच्या मुलालाही दाखवावी. मुले अशा गोष्टी आपल्यापेक्षा लवकर शिकतात. दिवाळीच्या सुट्टीत वही घरी आणून जुन्या खुणा खोडाव्यात, नव्या लिहाव्यात, आणि उजवीकडच्या पानांवर मॅडमनी काय लिहिले आहे ते नातवाला वाचून दाखवावे.